दुःखाचा पत्ता बदलताना

ऑकलंडजवळच्या टाकापुनात लेखक फ्रँक सार्जसन यांच्या परसात लष्करी बनावटीचं एक खोपटं होतं. १९५५ साली जॅनेट फ्रेम तिथे राहायला आल्या. त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी न्यूझीलंडमधल्या मनोरुग्णालयांत काढली होती. स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेला, भूल न देता दिलेले विजेचे दोनशेवर झटके सोसलेले. मेंदूवरची शस्त्रक्रियाही ठरली होती. ती टळली, कारण त्यांच्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याची बातमी रुग्णालयाच्या प्रमुखांच्या वाचनात आली.

खोपट्यात बसून फ्रेम आपली पहिली कादंबरी लिहीत. एखाद्या सकाळी काही सुचत नसे आणि बाहेर सार्जसन यांच्या पावलांचा आवाज येई. मग टंकलेखन शिकणारी मुलं सरावासाठी जे ठरावीक इंग्रजी वाक्य गिरवतात, तेच त्या भराभर टाइप करत सुटत. आपण रिकाम्या बसलो आहोत असं सार्जसन यांना वाटू नये, म्हणून. इतकी वर्षं परिचारिकांच्या नजरेखाली जगलेल्या बाईला एकांताचीही सवय करून घ्यावी लागत होती.

ती कादंबरी म्हणजे १९५७ची ‘आउल्स डू क्राय’. फ्रेम यांच्या दोन बहिणी, मर्टल आणि इझाबेल, दहा वर्षांच्या अंतराने बुडून गेल्या होत्या. कादंबरीत पाण्याचा मृत्यू नाही. गावाच्या उकिरड्यावर खजिना शोधायला गेलेल्या भावंडांतली थोरली फ्रान्सी तिथल्या आगीत पडते. मागे उरलेली डॅफ्नी मनोरुग्णालयात पोचते आणि लेखिकेची टळलेली शस्त्रक्रिया डॅफ्नीवर होते. घरातलं दुःख पाण्यातून उचलून आगीत ठेवलं, आणि स्वतःची सुटका पात्राला नाकारली. पुढे लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की फ्रेम यांना स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच.

पहिल्यांदा कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण नेमकी इथेच असते. घडलं तसंच्या तसं लिहिलं नाही, तर आपण गेलेल्या माणसाशी खोटं वागलो असं त्याला वाटतं. म्हणून तो तारखा सांभाळतो, दवाखान्याची फाइल सांभाळतो, आणि हाती एक प्रामाणिक पण निर्जीव टिपण उरतं. ज्यांची पहिली कादंबरी टिकली, त्यांनी काहीतरी जाणूनबुजून बदललं आहे. मराठी वाचकाला इथे ‘कोसला’तली मनी आठवेल. १९६३च्या या पहिल्या कादंबरीत भालचंद्र नेमाडे यांनी मनीचा मृत्यू सोपवला तो सगळ्या जगाची टिंगल करणाऱ्या तिच्या भावाच्या, पांडुरंग सांगवीकराच्या तोंडी. एरवी न थांबणारा हा आवाज तिथे चाचपडतो, म्हणूनच ती पानं इतकी लागतात.

सिल्व्हिया प्लाथ यांनी नाव बदललं. १९५३च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका मासिकात केलेली उमेदवारी, मग आलेलं नैराश्य आणि रुग्णालय, हे सारं त्यांनी ‘द बेल जार’मध्ये आणलं. जानेवारी १९६३मध्ये पुस्तक निघालं ते व्हिक्टोरिया लुकस या नावाने. ओळखीची माणसं दुखावू नयेत, ही त्यामागची काळजी होती. महिन्याभरात प्लाथ यांनी आत्महत्या केली आणि त्यानंतर पुस्तक त्यांच्या मरणाचा पुरावा म्हणूनच वाचलं जाऊ लागलं. हा त्या पुस्तकावर मोठाच अन्याय आहे. त्यातली एस्थर ग्रीनवूड तिखट नजरेची आहे, फार गंमतशीरही आहे. आणि पुस्तक संपतं तेव्हा ती जिवंत आहे.

मुंबईच्या जेरी पिंटो यांना नाव बदलून भागणार नव्हतं. त्यांच्या आईला बायपोलर विकार होता. तिच्यावरची कादंबरी त्यांनी वीसहून अधिक वर्षं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. २०१२ साली ‘एम अँड द बिग हूम’ प्रसिद्ध झाली तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडलेले, नावाजलेले पत्रकार होते. माहीममधलं एका बेडरूमचं घर, त्यात गोवेकर ख्रिस्ती मेंडिस कुटुंब. आई इमेल्डा म्हणजे एम. वडील ऑगस्टीन म्हणजे बिग हूम. मुलगी सुझन आणि निवेदक मुलगा, ज्याचं नाव आपल्याला कळतच नाही.

एम विड्या ओढते, चहावर चहा पिते, मुलांसमोर नको ते बोलते आणि हसवते. हे हसणं पिंटो यांनी जपलं, यातच त्यांचं लेखक म्हणून धाडस आहे. मुलगा आईला तिच्या तरुणपणाबद्दल, लग्नाआधीच्या दिवसांबद्दल विचारत राहतो, तिच्या वह्या आणि पत्रं चाळतो. ती उत्तरं देते, मध्येच निसटते, मध्येच काळोखात बुडते. आजारी माणसाला पुस्तकभर बोलू देणारी कादंबरी आपल्याकडे विरळा. नाहीतर त्याच्याबद्दल बोलतात ते घरचे आणि डॉक्टर. मुलाच्या मनात आणखी एक भीती आहे: हे माझ्यातही उतरलं असेल का? मानसिक आजाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

एम जीव द्यायचा प्रयत्न करते, एकदा नव्हे, अनेकदा. कादंबरी आली त्या वर्षीही भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९नुसार तो गुन्हाच होता. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षेपासून वाचवणारा मानसिक आरोग्य कायदा संमत झाला २०१७ साली. एमला दाखल करतात त्या जेजे रुग्णालयातल्या वॉर्डाची पानं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

शांता गोखले यांनी या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला, ‘एम आणि हूमराव’. शीर्षकातल्या त्या ‘राव’ने बापाबद्दलचं प्रेम आणि दरारा दोन्ही एका फटक्यात मराठीत आणले.

अवनी दोशी यांची पहिली कादंबरी तर पुण्यातच घडते. २०१९ साली ती भारतात ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ म्हणून आली, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये ‘बर्न्ट शुगर’ या नावाने बुकरच्या अंतिम यादीत पोचली. लेकीला घेऊन आश्रमात गेलेली तारा आता सगळं विसरत चालली आहे, आणि जिला तिने वाऱ्यावर सोडलं त्या अंतरालाच तिचं करावं लागतंय. चित्रकार अंतरा रोज एकच चेहरा काढते, पण मूळ फोटोवरून नाही, आदल्या दिवशीच्या चित्रावरून. दिवसागणिक चेहरा किंचित सरकत जातो. स्मृतीचं याहून नेमकं चित्र सापडणं कठीण. ही कादंबरी लिहून होत असतानाच दोशी यांच्या आजीला अल्झायमरचं निदान झालं होतं. कादंबरीत मात्र आजार आला तो आईच्या वाट्याला.

पिंटो यांच्या पुस्तकाला २०१२चं हिंदू साहित्य पारितोषिक आणि २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याहून मोलाचं काही वाचकांकडून आलं. अनोळखी माणसं पिंटो यांना गाठून आपल्या घरातल्या आईची, भावाची, लेकीची हकिगत सांगू लागली. त्यातून २०१६ साली त्यांनी ‘अ बुक ऑफ लाइट’ हा संग्रह संपादित केला. जिवाभावाच्या माणसाच्या आजारासोबत जगलेल्यांनी त्यात आपापल्या घरातलं लिहिलं आहे, आणि ते कथा-कादंबरीच्या आडोशाशिवाय.