विश्लेषण : आदित्य सरवटे परका आणि करुण नायर आपला? विदर्भाच्या चाहत्याने संघबदलाकडे कसे पाहायचे?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले आणि इराणी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. या संघात करुण नायर नव्हता, जितेश शर्माही नव्हता. नायर कर्नाटकात परतला, जितेशने बडोद्याचा रस्ता धरला. आता नवा रणजी हंगाम सुरू होत असताना भंडारा, साकोली, तुमसरच्या पानठेल्यांवर वादाला विषय मिळाला आहे. एक बाजू म्हणते, ‘दगा दिला.’ दुसरी म्हणते, ‘गेले तर गेले, इराणी जिंकलाच ना?’ दोन्ही बाजूंचे बरोबर नाही, असे या चाहत्याचे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी मार्चमधला एक प्रसंग आठवावा लागेल.

जामठ्यावर नेमके काय घडले होते?

२ मार्च २०२५. विदर्भ आणि केरळ यांच्यातील रणजी अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. पहिल्या डावातील ३७ धावांची आघाडी विदर्भाच्या खिशात होती आणि नायर आदल्या दिवशीच्या नाबाद १३२ वरून पुढे खेळत होता. त्यात तीनच धावांची भर पडली आणि तो यष्टिचीत झाला. गोलंदाज होता आदित्य सरवटे.

हाच सरवटे फेब्रुवारी २०१९ मध्ये याच मैदानावर विदर्भाचा नायक होता. सौराष्ट्राविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात त्याने ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली आणि विदर्भाला सलग दुसरा करंडक मिळवून दिला. सहा वर्षांनी तो केरळच्या जर्सीत जामठ्यावर उतरला. पहिल्या डावात ७९ धावा करून त्याने विदर्भाला चांगलेच ताटकळत ठेवले, दुसऱ्या डावात चार बळी घेतले. म्हणजे नागपूरचा मुलगा केरळसाठी झगडत होता, आणि ज्याचे आईवडील मूळचे केरळचे तो नायर विदर्भासाठी शतक ठोकत होता. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला.

त्या दिवशी आपण नायरसाठी टाळ्या वाजवल्या. मग सरवटेला ‘गद्दार’ म्हणायचा अधिकार आपल्याला उरतो का? नायरही कुणाचे तरी घर सोडूनच आला होता.

‘पाहुणा खेळाडू’ म्हणजे काय?

भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमानुसार प्रत्येक राज्य संघटनेला एका हंगामात बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. त्यासाठी खेळाडूला आपल्या मूळ संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र लागते. सामन्याचे मानधन सर्वांना सारखेच, अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये. पाहुण्याला याखेरीज संघटनेशी झालेल्या कराराचे पैसे मिळतात.

आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. धान निघाल्यावर गावोगाव टेनिस बॉलचे सामने भरतात तेव्हा ‘बाहेरचा प्लेयर’ चालेल की नाही, किती चालतील, यावरून पहिले भांडण होते. रणजीतही मुद्दा तोच आहे. बाहेरून आणायचा तर कशासाठी आणि त्याच्यामुळे बाहेर बसणार कोण?

विदर्भाचा हिशेब काय सांगतो?

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. पहिला करंडक आला तो त्यानंतर ६० वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. विजयी चौकार मारला वसीम जाफरने. मुंबईकर जाफर तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्याआधीचा हंगाम दुखापतीमुळे वाया गेला होता, म्हणून त्या वर्षी तो करारापोटी काही न घेता खेळला. हे त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितले आहे. त्यानंतरच्या इराणी सामन्यात २८६ धावा, मग २०१८-१९ च्या रणजी हंगामात हजाराहून अधिक धावा आणि पुन्हा करंडक. पाहुणा कसा असावा, याचे हे आपल्याकडचे उदाहरण.

नावे एकत्र ठेवून पाहिली की विदर्भाच्या निवडीत एक सूत्र दिसते. बाहेरून आलेले जाफर, गणेश सतीश, नायर, ध्रुव शोरी हे सगळे फलंदाज. सामने जिंकून देणारे गोलंदाज मात्र घरचे: उमेश यादव, रजनीश गुरबानी, सरवटे, अक्षय कर्णेवार आणि आता हर्ष दुबे, यश ठाकूर. इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजी अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरीच. जे आपल्याकडे कमी आहे तेच विकत आणायचे, हा शहाणा व्यवहार आहे आणि त्याचे श्रेय निवड करणाऱ्यांना द्यायला हवे.

तो गुरबानीही पुढे महाराष्ट्राकडे गेला, हे मात्र आपण विसरतो. त्याच्यावर कुणी चिडले नाही. गाजावाजा न करता गेलेल्याला माफी आणि नाव झालेल्याला शिव्या, हा न्याय काही पटत नाही.

नायर का आला, का गेला?

डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करणारा फलंदाज सहा वर्षांनी कर्नाटकच्या संघातही नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने समाजमाध्यमावर क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली. ती विदर्भाने दिली, २०२३-२४ च्या हंगामात. त्याची परतफेड आकड्यांत आहे: पहिल्या रणजी हंगामात ६९०, दुसऱ्यात ८६३ धावा. मधल्या विजय हजारे स्पर्धेत पाच शतकांसह ७७९ धावा. त्या स्पर्धेत एकदा बाद होण्याआधी त्याने ५४२ धावा जमवल्या होत्या. त्याच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने तिथे अंतिम फेरी गाठली आणि नेमका कर्नाटककडूनच पराभव पत्करला.

रणजी अंतिम सामन्यात शतक झाल्यावर त्याने नऊ बोटे दाखवली. हंगामातले नववे शतक, एवढाच अर्थ. काहींना तो निवड समितीला टोमणा वाटला. वाटला तर वाटला. नऊ शतके करणाऱ्याने बोटे मोजून दाखवली तर त्यात उद्धटपणा काय? या जोरावर तो आठ वर्षांनी भारतीय कसोटी संघात परतला. इंग्लंडमध्ये आठ डावांत एकच अर्धशतक निघाले आणि सप्टेंबरमध्ये त्याला वगळण्यात आले, हा वेगळा विषय.

आता तो बंगळूरुला, आपल्या घरी गेला. विदर्भाने त्याला संधी दिली, त्याने विदर्भाला करंडक दिला. व्यवहार पूर्ण झाला.

जितेशचे प्रकरण थोडे निराळे आहे. तो अमरावतीचा, म्हणजे घरचाच. पण लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये यष्टीमागची जागा कर्णधार अक्षय वाडकरची आहे आणि वाडकर ती सोडण्याची चिन्हे नाहीत. आयपीएल विजेत्या संघातला यष्टिरक्षक आपल्या राज्याच्या संघाबाहेर बसून राहील, अशी अपेक्षा करणे फार झाले. इथे चूक कुणाचीच दिसत नाही. हळहळ वाटते, ती वाटू द्यावी.

सरवटे गेल्याने विदर्भाचे नुकसान झाले?

उलटेही म्हणता येईल. सरवटे केरळकडे गेला त्याच हंगामात डावखुऱ्या फिरकीची मुख्य जबाबदारी हर्ष दुबेवर आली आणि त्याने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. सरवटे असता तर दुबेला इतकी षटके मिळाली असती का? शंका आहे. जाणारा एक जागा मोकळी करून जातो. ती कुणाला मिळाली, यावर संघटनेला धारेवर धरावे किंवा शाबासकी द्यावी. जाणाऱ्याच्या नावाने बोटे मोडून काही होत नाही.

मुंबईच्या प्रेक्षकांचा अनुभव आठवा. गुजरातकडून परत येऊन कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याची २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हुर्यो उडवण्यात आली. जुलैमध्ये विश्वचषक घेऊन तो त्याच मैदानात आला तेव्हा त्याच्याच नावाचा जयघोष झाला. रोहितला कर्णधारपदावरून हटवण्याचा निर्णय संघ व्यवस्थापनाचा होता, शिक्षा मात्र खेळाडूला.

मग टीका कशावर करायची?

निर्णयांवर. उदाहरण त्याच रणजी अंतिम सामन्याचे. सामना सुरू झाला तो दिवस महाशिवरात्रीचा. गायमुखच्या यात्रेत एकीकडे महादेवाचा गजर आणि मोबाइलवर विदर्भ ३ बाद २४. केरळने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली होती. नव्या चेंडूपासून मुख्य फलंदाजांना वाचवण्यासाठी विदर्भाने पार्थ रेखडे या फिरकीपटूला सलामीला आणि दर्शन नळकांडे या वेगवान गोलंदाजाला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. रेखडे दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद, नळकांडे एका धावेवर. करंडकाच्या सामन्यात इतका घाबरट विचार पटणारा नव्हता. दानिश मालेवारच्या १५३ धावा आणि नायरबरोबरची २१५ धावांची भागीदारी नसती, तर आज याच निर्णयाचे पोस्टमॉर्टेम चालू असते. जिंकलो म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

त्याच रेखडेने पुढे ९८ धावांवर खेळणाऱ्या केरळच्या कर्णधाराला, सचिन बेबीला बाद करून सामना फिरवला. उपांत्य सामन्यात तर त्याने मुंबईच्या रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना एकाच षटकात परत पाठवले होते. त्याला चुकीच्या कामाला लावले होते, एवढेच.

टीका वर्तनावरही व्हावी, पण आपल्या-परक्याचा चष्मा काढून. याच महिन्यातील इराणी सामन्यात शेष भारताच्या यश धुलला ९२ धावांवर बाद केल्यावर आपल्या यश ठाकूरने त्याच्या अंगावर धावून जात जल्लोष केला. दोघे भिडले, पंचांना मध्ये पडावे लागले. हेच धुलने केले असते तर आपण किती आरडाओरडा केला असता! ठाकूर चांगला गोलंदाज आहे, त्या बळीचे मोलही मोठे होते. तरी ते वागणे वाईटच.

विदर्भाच्या संघाला असल्या उसन्या आवेशाची गरज नाही, कारण आपल्याकडे २०१९ च्या इराणी सामन्याची आठवण आहे. पुलवामा हल्ला झाला तेव्हा तो सामना सुरू होता. विदर्भाने करंडक राखला आणि कर्णधार फैज फझलने बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना देत असल्याचे जाहीर केले. शेवटच्या दिवशी विजयाला ११ धावा हव्या असताना, हातात पाच गडी असताना, गणेश सतीश बाद झाला आणि दोन्ही संघांनी हस्तांदोलन करून सामना थांबवला. पहिल्या डावातील आघाडीने करंडक पक्का झाला होता. त्या ११ धावा काढायला हव्या होत्या, असे काहींना अजून वाटते. या चाहत्यालाही वाटते.

भंडाऱ्याचा यात काय संबंध?

विदर्भाचा संघ अकरा जिल्ह्यांच्या नावाने खेळतो. नागपूरबाहेरून आलेली नावे पाहा: अमरावतीचा जितेश, अकोल्याचा अथर्व तायडे, वर्ध्याचा नळकांडे, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा पांढरकवड्याचा कर्णेवार. चौघेही पश्चिमेकडचे किंवा मधले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या यादीत नाही. बाहेरच्या तिघांना संधी दिली म्हणून आपला मुलगा मागे राहतो, ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. पण आपला मुलगा त्या तिघांच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही. त्याची अडचण जामठ्याच्या ड्रेसिंग रूममध्ये सुरू होत नाही, गावातच होते. लेदर बॉल, मॅटिंग विकेट, शिकवणारा माणूस आणि रोज नागपूरला जाण्याचे बसभाडे, या सगळ्यांवर अडते.

उमेश यादवही नागपूर शहरातला नाही. वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. २००८ मध्ये विदर्भाने त्याला रणजीत उतरवले आणि २०११ मध्ये तो कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. म्हणजे टेनिस बॉलवरून उचलून आणता येते, आणले गेले आहे. मात्र त्यासाठी कुणीतरी जाऊन पाहावे लागते. नायरचा करार केवढ्याचा होता, यापेक्षा आपल्या सात तालुक्यांत गेल्या पाच वर्षांत निवड चाचणी किती वेळा झाली, हा प्रश्न जिल्ह्यातल्या चाहत्याने विचारला तर उत्तर देणे संघटनेला भाग पडेल.

धानाची कापणी आता सुरू होते आहे. ती उरकली की बांध्यांमध्ये पाणी मारून, धुम्मस करून खेळपट्ट्या तयार होतील, फलक लागतील, बाहेरचे प्लेयर ठरतील. जामठा इथून मोटारसायकलने दोन तासांवर आहे. चेंडू मात्र टेनिसचाच असेल.