विष शोषणारी वनस्पति

घराच्या मागील दारीं न्हाणीचें सांडपाणी ज्या वाटेनें जातें, तेथें अळूं व केळी लावण्याची आपली जुनी रीत आहे. त्यायोगें पाणी सांचून राहत नाहीं आणि घरास भाजीहि मिळते. हेंच तत्त्व योजून विषारी जमिनी शुद्ध करण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञांनीं चालविले आहेत. त्यांची हकीकत घरोघर माहीत असावी, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत एके ठिकाणीं लाकूड टिकाऊ करण्यासाठीं त्यास सोमलयुक्त द्रावण पाजीत असत. तेथील जमिनींत सोमल मुरला होता. तरीहि त्या मातींत एक नेचा जोमानें वाढतांना आढळला. सन २००१ मध्यें लीना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा शोध ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. प्रयोगांत या नेच्याच्या वाळलेल्या पानांत शेंकडा २ भागांहून अधिक सोमल भरला! शास्त्रांत त्याचें नांव टेरिस व्हिटाटा. आपल्या देशांतहि जुन्या चुन्याच्या भिंतींतून तो उगवतो. सोमलाचा क्षार व वनस्पतीस लागणारें फॉस्फेट यांची घडण सारखी असल्यामुळें मुळें दोहोंस एकाच वाटेनें आंत घेतात.

मात्र केरकचरा कुजतो, तसा सोमल कुजत नाहीं. तो मूलद्रव्य असल्यानें नाहींसा होत नाहीं. मातींतून पानांत जातो, इतकेंच. पानें वेळींच कापून सुरक्षित ठिकाणीं नेलीं नाहींत, तर तीं गळून विष पुनः मातींतच मिसळणार. शिवाय मुळें पोंचतात तेवढ्याच थराची शुद्धि होते व तीसहि वर्षानुवर्षें लागतात. प्रत्येक वनस्पति उपयोगी पडते, असेंहि नाहीं. जपानांत सन २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर किरणोत्सर्गी सीझियम काढण्यासाठीं सूर्यफुलें लावून पाहिलीं. परंतु तेथील शेतकी खात्यास त्यांचा फारसा उपयोग आढळला नाहीं.

यांतून आपल्या स्वयंपाकघरापुरता एक बोध निघतो. नेच्याइतका नव्हे, तरी पालेभाज्याहि शिसें, कॅड्मियम असले धातु मातींतून पानांत घेतात, आणि आंत शिरलेले हे धातु भाजी धुतल्यानें वा शिजविल्यानें नाहींसे होत नाहींत. तेव्हां घरच्या सांडपाण्यावरचें अळूं आणि कारखान्याच्या नाल्याकांठचें अळूं एक नव्हे. भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, हें विचारण्यास आमच्या वाचकांनीं संकोच करूं नये.