गाडी चोवीसची, गाणी बाराची

तुम्ही नगरचे असाल (हो, आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं), तर लष्कराचे हिरवे ट्रक तुम्हाला नवे नाहीत. भिंगारकडे जाताना ताफा दिसला की आपण टू-व्हीलर कडेला घेतो आणि किती गाड्या गेल्या ते मोजत बसतो. 1994 मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय तर शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेलं. तोफेखाली उभं राहून फोटो काढला की आपलं काम संपतं. या गाड्यांच्या बॅटरीकडे कोण बघतो? मीही कधी बघितलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यात एका ट्रकने बघायला लावलं.

माझ्या मित्राच्या वडिलांनी लिलावातून गेलेला एक जुना लष्करी ट्रक घेतलाय. रंग बदलला (खासगी गाडीला तो ऑलिव्ह ग्रीन चालत नाही), मागे पाण्याची टाकी बसवली आणि उन्हाळ्यात टँकर म्हणून चालू केला. वडील दिवसा, मित्र रात्री. रात्री भरायच्या रांगेत दोन-तीन तास सहज जातात. तेवढा वेळ नुसता काय बसणार? म्हणून त्याने म्युझिक सिस्टीम आणली, एक छोटा पंखा आणला, केबिनमध्ये निळी लाइट लावली. सगळं 12 व्होल्टचं, कारच्या दुकानातलं. आणि गाडी होती 24 व्होल्टची.

इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मोठ्या लष्करी ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. पहिलीचा मायनस बॉडीला, पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला आणि दुसरीचा प्लस गाडीला. बारा अधिक बारा, चोवीस. आपल्याकडे ताफ्यात दिसणारा अशोक लेलँडचा स्टॅलियनही 24 व्होल्टवरच चालतो. कारण साधं आहे. तेवढीच ताकद हवी असेल तर व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंट निम्मा लागतो. 2,400 वॉटचा सेल्फ 12 व्होल्टवर 200 अँपिअर ओढेल, तर 24 वर 100. करंट निम्मा झाला की त्याच वायरमध्ये उष्णतेत वाया जाणारी ताकद एक चतुर्थांश होते. थंडीत मोठं डिझेल इंजिन फिरवायचं, वर वायरलेस संच चालवायचा, तर हा फरक मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप फक्त 6 व्होल्टची होती. युद्धानंतर 1950 च्या सुमारास तिच्या जागी एम-38 आली ती थेट 24 व्होल्टची. नाटो देशांच्या लष्करी गाड्यांचंही प्रमाण आज 24 व्होल्टच आहे.

आता मित्राची युक्ती. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या केबलवर वायर गुंडाळली, दुसरी बॉडीला लावली. मीटर लावला तर बरोबर बारा! गाणी सुरू. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. खरं सांगते, मला तेव्हा तो भारी हुशार वाटला होता.

तीन आठवडे सगळं मस्त चाललं. मग एका पहाटे टाकी भरून झाली, त्याने सेल्फ मारला आणि नुसतं कट-कट-कट. मागे दोन टँकर अडकलेले. पुढे गावात बायका सहा वाजल्यापासून ड्रम मांडून बसलेल्या. भरलेला टँकर ढकलून स्टार्ट करायचा म्हणजे काय, ते एकदा करून बघा. शेवटी ट्रॅक्टरने ओढला. पाणी गावात पोचलं तेव्हा साडेदहा वाजले होते. त्या दिवशी मित्राला जे ऐकावं लागलं ते इथे छापता येणार नाही.

गंमत म्हणजे त्याने दोन्ही बॅटऱ्यांची मिळून तपासणी केली, तर मीटरवर 24.4 व्होल्ट. म्हणजे सगळं ठीकच की! मग गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी काहीही न बोलता एकेक बॅटरी वेगळी मोजली. एक 12.7, दुसरी 11.7. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 च्या वर दाखवते. 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बेरजेत एकीचं भरलेलं पोट दुसरीची उपासमार झाकत होतं, आणि सेल्फचा लोड पडताच उपाशी बॅटरी कोसळत होती. त्याहून वाईट म्हणजे भरलेल्या बॅटरीची झाकणं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. म्हणजे जिला हातही लावला नव्हता तीसुद्धा खराब होत होती.

असं का होतं? बैलजोडी डोळ्यांपुढे आणा. दोघं एकाच जुवाखाली, पण एकाच्या पाठीवर तुम्ही जास्तीचं पोतं टाकलंय. संध्याकाळी वैरण मात्र दोघांना मिळून एकाच मापाने. (उपमा आमच्या फिजिक्सच्या सरांना आवडणार नाही, पण गावात लगेच कळली.) अल्टरनेटरला फक्त बेरीज दिसते. तो दोघींना मिळून साधारण 28 व्होल्ट देतो, म्हणजे दोन्ही सारख्या असतील तर 14-14. पण एक दमून 12 वर अडकली, तर उरलेले 16 दुसरीच्या वाट्याला जातात. तेवढ्यावर तिच्यातलं पाणी उकळल्यासारखं फसफसतं आणि हायड्रोजन सुटतो. बंद पेटीत तो साठला आणि एक ठिणगी उडाली तर बॅटरी फुटते, आत सल्फ्युरिक ॲसिड असतं. गाण्यांसाठी एवढी किंमत?

तुमच्या घरी असा ट्रक असेल, किंवा 24 व्होल्टची कुठलीही गाडी असेल, तर आधी वस्तूवरचं लेबल वाचा. मोबाइलच्या बऱ्याच चार्जरवर 12-24 लिहिलेलं असतं, अनेक एलईडी लाइटवर 10-30. त्यांना थेट चोवीस द्या, काही बिघडत नाही. फक्त 12 लिहिलेल्या वस्तूला चोवीस दिलेत तर साध्या बल्बमध्ये जवळपास चौपट ताकद जाते आणि तो क्षणात जातो. मध्ये रेझिस्टन्स टाकून व्होल्टेज पाडणारे महाभागही असतात. पण तिथे लोड बदलला की व्होल्टेजही बदलतं. आवाज वाढवला की एक, कमी केला की दुसरं.

यावरचं खरं औषध म्हणजे 24 ते 12 कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखंच घेतो आणि पुढे स्थिर बारा देतो. मित्राच्या सगळ्या वस्तू मिळून 6 अँपिअर घेत होत्या, म्हणून 10 अँपिअर सतत देऊ शकणारा घेतला. बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतराच्या आतच 7.5 अँपिअरचा फ्यूज लावला. हा फ्यूज वस्तूपाशी नाही, बॅटरीपाशी हवा. कारण वायर मध्ये कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर तिला वाचवणारं तिच्या आधीच असायला हवं. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवलं. चावी बंद केल्यावर कन्व्हर्टर बंद व्हावा म्हणून रिले टाकला, आणि रिलेही 24 व्होल्टचाच. बाराचा लावलात तर त्याची कॉइल जळते. (हे आम्हाला दुसऱ्या रिलेच्या वेळी कळलं.)

काम सुरू करताना बॉडीला जाणारी मायनस केबल पहिली काढायची आणि शेवटी लावायची. पाना चुकून बॉडीला टेकला तरी काही होत नाही. आणि हातातलं कडं काढायचं. मित्राने काकांच्या डोळ्यांकडे बघत निमूटपणे काढलं.

एक बॅटरी बदलावीच लागली. जुनी आणि नवी यांची जोडी जमत नाही, म्हणून काकांनी दोन्ही एकदम बदलायला लावल्या. मित्राच्या त्या महिन्याच्या खेपांचे पैसे त्यातच गेले आणि वडिलांनी आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं.

आता ट्रक पहाटे एका सेल्फमध्ये उठतो. पंखा चालतो, निळी लाइट काढून टाकली. दर रविवारी मित्र दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजून आकडे डॅशबोर्डच्या झाकणावर खडूने लिहितो. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा तिथे लिहिलं होतं: 12.7, 12.7.