मेटॅडोर ते हायक्रॉस : गाडी सुधारली, हिशेब अवघड झाला

लोणावळ्याजवळ औंढे गावाच्या हद्दीतून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. सुट्टीच्या दिवशी या टापूत सहा-आठ माणसांचे कुटुंब घेऊन धावणाऱ्या गाड्या ठळकपणे नजरेत येतात. एर्टिगा, इनोव्हा, ईको, टेम्पो ट्रॅव्हलर. त्यांतील बऱ्याच पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या. मागे बसलेल्यांची सहल असते, पुढे स्टिअरिंग धरून बसलेल्याची रोजीरोटी. मावळातील तरुणाने अशी गाडी घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणती, हा प्रश्न घरची शिल्लक पणाला लावणारा आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही गाडी पिढ्यानपिढ्या कशी बदलत आली ते पाहणे आवश्यक आहे. आमच्या मते आपल्याकडील मोठ्या कुटुंबाची गाडी मुळात कुटुंबाने घडविलीच नाही. ती भाड्याच्या धंद्याने घडविली.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून झाली. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली. तिचे कर्तेधर्ते नवलमल फिरोदिया. आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो तो शब्द या कंपनीच्या नावातून आला, हे अनेकांच्या लक्षातही नसते. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून १९६९ पासून मेटॅडोर निघू लागली. तिचे इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. त्यामुळे मागचा तळ खाली राहिला, चढणे-उतरणे सोपे झाले. सकाळी भाजी, दुपारी शाळेची मुले आणि संध्याकाळी लग्नाचे वऱ्हाड अशी तिन्ही कामे एकच गाडी करू लागली. १९८७ साली मर्सिडीजच्या बांधणीवरची ट्रॅव्हलर आली आणि माणसांची गाडी मालाच्या गाडीपासून वेगळी झाली. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले तरी लोक अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतात.

दुसरी वाट १९८४ साली मारुती व्हॅनने काढली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, तेही पुढच्या सीटखाली, आणि बाजूला सरकणारे दरवाजे. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. गाडी स्वस्त, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात. मात्र चालकाच्या गुडघ्यापुढे पत्र्याशिवाय फारसे काही नव्हते. समोरून धडक बसली तर काय होईल याचा विचार त्या काळी ग्राहकही करीत नसे आणि कायदाही.

१९९४ साली टाटांची सुमो आली. सुमंत मूळगावकर यांच्या नाव आणि आडनावातील पहिली अक्षरे जोडून हे नाव ठेवले गेले. सुमोत मागे समोरासमोर आडवी बाके होती, म्हणून दहा माणसे मावत. पाट्यांवर उभी असलेली ही गाडी खड्ड्यात आपटे, मागच्या बाकावरच्याचे हाल होत. पण हाल प्रवाशाचे, आणि भाडे दहा जणांचे! धंद्याला ती लगेच पटली.

खरे वळण पुढे आले. २००० साली द्रुतगती मार्गाचे पहिले टप्पे खुले झाले आणि त्याच वर्षी टोयोटा-किर्लोस्कर कंपनीने बेंगळुरूजवळच्या बिडदी येथून क्वालिस बाजारात आणली. तिचे मूळ इंडोनेशियातील 'किजांग' या १९७७ साली सुरू झालेल्या गाडीत. आपल्याकडे आली ती त्या गाडीची तिसरी पिढी, म्हणजे तिकडे जुनी झालेली. वाहनतज्ज्ञांनी नाके मुरडली. टॅक्सीवाल्यांनी मात्र वेगळेच पाहिले. इंजिन वर्षानुवर्षे कुरकुरत नाही, गाडी गॅरेजात कमी दिवस उभी राहते, आणि विकायला काढली तर पैसे परत येतात. गाडी उभी असली की भाडे बुडते आणि हप्ता मात्र थांबत नाही. हे गणित ज्याला कळते त्याला क्वालिसचे यश समजावून सांगावे लागत नाही.

क्वालिस चांगली खपत असतानाच कंपनीने ती बंद केली आणि २००५ साली इनोव्हा आणली. हा निर्णय धाडसाचा होता. इनोव्हाची चासी वेगळी आणि मजबूतच राहिली, पण मागचे पाटे जाऊन स्प्रिंगा आल्या. मागे बसणाऱ्याला पहिल्यांदाच मोटारीत बसल्यासारखे वाटले. २०१६ ची क्रिस्टा आणखी ऐसपैस झाली, पण तिची सुरुवातीची शोरूम-किंमत १३.८४ लाख रुपयांवर गेली. २०२२ अखेरीस हायक्रॉस आली तेव्हा बांधणीच बदलली. वेगळी चासी गेली, जोर पुढच्या चाकांना आला, डिझेल जाऊन पेट्रोल आणि वरच्या प्रकारांत पेट्रोलच्या जोडीला बॅटरी आली. सुरुवातीची किंमत १८.३० लाख. कुटुंबाच्या दृष्टीने ही सर्वांत आरामशीर पिढी. टॅक्सीवाला मात्र डिझेल आणि चासी सोडायला तयार नव्हता. म्हणूनच कंपनीला २०२३ साली क्रिस्टा केवळ डिझेलमध्ये पुन्हा आणावी लागली, असे आम्हाला वाटते. एकाच नावाच्या दोन पिढ्या शेजारी-शेजारी विकण्याची वेळ यावी, यातच सारे आले.

ज्याची ऐपत तेवढी नाही त्याच्यासाठी मारुतीने २०१२ साली एर्टिगा आणली, सुमारे ५.८९ लाखांपासून. २०१८ मध्ये तिची दुसरी पिढी आली, २०२० मध्ये डिझेल गेले आणि सीएनजीने जागा घेतली. सीएनजीने इंधनखर्च उतरतो हे खरे, पण टाकी डिकीत बसते. सात माणसांच्या बॅगा मग टपावर. त्याच २०१८ साली महिंद्रने नाशिकहून मराझो बाजारात आणली होती. गाडी वाईट नव्हती, तरी खप बसला नाही. भाड्याच्या धंद्याने पाठ फिरवली की या जातीची गाडी उभी राहणे कठीण.

ओम्नी आणि सुमो २०१९ साली बंद झाल्या. अपघात-चाचणीचे कडक नियम आणि १ एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ हे धुराचे नियम यांत त्यांचे जुने सांगाडे बसणारे नव्हते. हे योग्यच झाले. परंतु स्वस्तातली पहिली पायरी त्याबरोबर गेली. ओम्नीची जागा भरायला २०१० ची ईको आहे. धंद्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेच जण जुन्या गाडीकडे वळतात, आणि फसवणूक तिथेच होते.

अशा तरुणांना आम्ही काही व्यवहाराच्या गोष्टी सांगू इच्छितो. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळाली म्हणून तिच्यावर भाडे मारू नये. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि आयुष्याची कमाई कोर्टात जाते. भाड्याच्या गाडीला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. म्हणून सात वर्षांची इनोव्हा घेऊन पाच वर्षांचे कर्ज काढताना पुढचा खर्च आधी मांडावा. चासीची गाडी असेल तर खाली शिरून वेल्डिंगचे डाग पाहावेत. चासी नसलेली असेल तर दरवाजांच्या आणि बॉनेटच्या फटी सारख्या आहेत का ते पाहावे, कारण तिथे एक जोराची धडक सगळा सांगाडा वाकवते. बॅटरीच्या गाडीत बॅटरीची हमी किती वर्षे व किती किलोमीटर उरली आहे ते लेखी घ्यावे. आणि मीटरचा आकडा दलालाच्या तोंडून न घेता सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतून काढावा. क्रिस्टा तीन लाख किलोमीटर चालली तरी आश्चर्य नाही. आश्चर्य तेव्हा वाटावे, जेव्हा सात वर्षांच्या टॅक्सीच्या मीटरवर साठच हजार दिसतात.