महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉप: निवड कशी करावी?

बारावीनंतरच्या प्रवेशाची धावपळ संपत नाही तोच अनेक घरांत लॅपटॉपच्या खरेदीचा प्रश्न उभा राहतो. शुल्क, वसतिगृह आणि पुस्तके यांच्या खर्चाचा मेळ घालताना ओढाताण होत असलेल्या कुटुंबासाठी ही खरेदी लहान नसते. घेतलेले यंत्र तीन-चार वर्षे चालावे अशी अपेक्षा असते आणि निवड चुकली तर ती दुरुस्त करण्याची संधी सहसा मिळत नाही. म्हणूनच जाहिरातीतील सवलतीपेक्षा विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमाची गरज आधी पाहणे हिताचे ठरते.

आधी अभ्यासक्रम, मग यंत्र

प्रवेश निश्चित होण्यापूर्वी लॅपटॉप घेण्याची घाई करू नये. विभागातील शिक्षक किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी यांच्याकडे कोणती सॉफ्टवेअर वापरावी लागतात, याची चौकशी करावी. अनेक महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा असल्याने पहिले काही आठवडे थांबले तरी फारसे अडत नाही.

कला, वाणिज्य आणि विधी शाखांच्या विद्यार्थ्यांचे काम मुख्यतः लेखन, वाचन, तक्ते आणि इंटरनेट यांपुरते असते. त्यांना साधा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम पुरेशी होते. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र १६ जीबी रॅम घेणे श्रेयस्कर आहे, कारण अँड्रॉइड स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर एम्युलेटरसह चालवताना ८ जीबी अपुरी पडते. यंत्र अभियांत्रिकी, स्थापत्य आणि वास्तुरचना या शाखांत त्रिमितीय आराखड्यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स चिपचा उपयोग होतो. सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स ही सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी बनविलेली असल्याने या विद्यार्थ्यांनी ॲपलचा लॅपटॉप घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करायचा म्हणून महागडा गेमिंग लॅपटॉप हवाच, हाही समज योग्य नाही. सुरुवातीच्या प्रयोगांसाठी गुगल कोलॅबसारख्या सेवेत काही मर्यादेपर्यंत ग्राफिक्स प्रोसेसर विनामूल्य वापरता येतो. गेमिंग लॅपटॉपचे वजन बहुधा दोन किलोपेक्षा अधिक असते आणि त्याची बॅटरीही लवकर उतरते. रोज बस किंवा लोकलने प्रवास करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी जाचक ठरतात.

प्रोसेसरच्या नावातील आकडे

दुकानात 'आय-५ आहे' किंवा 'आय-७ आहे' एवढेच सांगितले जाते. तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. इंटेलच्या 'कोअर आय-५ १३३५यू' या नावातील १३ हा आकडा पिढी दर्शवितो आणि शेवटचे 'यू' हे अक्षर कमी वीज वापरणारी चिप असल्याचे सांगते. 'एच' हे अक्षर अधिक क्षमतेच्या आणि अधिक वीज खाणाऱ्या चिपसाठी वापरले जाते. २०१६ मधील कोअर आय-७ ७५००यू या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर होते, तर २०२२ मधील कोअर आय-३ १२१५यू मध्ये सहा कोअर आहेत. जुन्या आय-७ पेक्षा नवा आय-३ सरस असू शकतो, हे यावरून लक्षात येईल.

एएमडीच्या बाबतीतही सावध राहावे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावे जवळजवळ सारखी दिसतात. या मालिकेत तिसरा आकडा चिपच्या रचनेची पिढी सांगतो. त्यानुसार पहिल्या चिपमध्ये २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना आहे, तर दुसरीत २०२२ मधील झेन ४. दोहोंच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर दुसरी घेणे फायद्याचे.

रॅम आणि साठवण

रोजच्या वापरात लॅपटॉप मंद वाटण्याचे कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसून अपुरी रॅम किंवा संथ साठवण हे असते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असलेलाच लॅपटॉप घ्यावा. ५१२ जीबी क्षमता बहुतेकांना पुरते. अतिशय स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असते. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी असल्याने असे यंत्र लवकरच भरून जाते.

२०२५ च्या अखेरीपासून डेटा केंद्रांच्या मागणीमुळे मेमरी चिपच्या किमती वाढल्या. अशा वेळी आज ८ जीबी घेऊन पुढे वाढविण्याचा विचार असेल, तर रॅमसाठी रिकामा स्लॉट आहे का, हे विचारून घ्यावे. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते आणि ती नंतर वाढविता येत नाही.

बॅटरी आणि पडदा

'दहा तास चालते' या दाव्याऐवजी बॅटरीची वॉट-तासांतील क्षमता पाहावी. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी १० वॉटचा वापर असेल, तर सुमारे पाच तास मिळतील. जेथे वीज वारंवार जाते, तेथे हा हिशेब महत्त्वाचा आहे. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा आणि आयपीएस प्रकारचा असावा. वैशिष्ट्यांच्या यादीत '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले असेल, तर रंग फिके दिसतील. लेखनाला त्याने बाधा येत नाही, पण चित्रकला, छायाचित्रण आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी असा पडदा टाळावा.

जुना लॅपटॉप घेताना

वापरलेला लॅपटॉप हा अनेकांसाठी योग्य पर्याय आहे. मात्र विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर साधारणपणे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणून असा लॅपटॉप घेताना प्रोसेसरची पिढी आणि बॅटरीची अवस्था तपासावी. लिनक्सवर काम करण्याची तयारी असलेल्यांना मात्र जुने यंत्रही उपयोगी पडू शकते.

कर्ज, पावती आणि सेवा

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असल्यास, वाजवी किमतीच्या संगणकाचा खर्च धरता येतो. अर्ज करतानाच बँकेकडे याची विचारणा करावी. परंतु यंत्राची किंमत दरवर्षी घटत जाते आणि कर्जावरील व्याज वाढत जाते. गरजेपेक्षा महाग लॅपटॉप कर्जातून घेतल्यास त्याचा भार शिक्षण संपल्यावरही राहतो.

शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांनी त्या कंपनीचे सेवा केंद्र तेथे आहे का, हे पाहावे. दुरुस्ती घरी येऊन होते की यंत्र केंद्रात न्यावे लागते, आणि बॅटरीची हमी किती काळाची आहे, हे लेखी घ्यावे. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असल्याने त्यावरील नोंदणी क्रमांक पाहावा. जीएसटीची पावती जपून ठेवावी आणि तीवरील अनुक्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी जुळतो का, हे दुकानातच तपासावे. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

किमतीत विंडोजचा परवाना समाविष्ट आहे का, तेही विचारावे. ऑफिस सॉफ्टवेअरसाठी लगेच खर्च करण्याची गरज नाही. अनेक महाविद्यालये ते विद्यार्थ्यांना विनामूल्य देतात आणि लिब्रेऑफिसही मोफत मिळते. मराठीत प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो. तो सुरू केल्यास वेगळा फॉन्ट विकत न घेता युनिकोडमध्ये लेखन करता येते. अशा रीतीने वाचलेली रक्कम अधिक रॅमसाठी किंवा वाढीव हमीसाठी वापरल्यास ती चारही वर्षे उपयोगी पडेल.