मेणबत्तीची निर्धूर ज्योत

विजेचे दिवे घरोघरी पोहोचले, तरी मेणबत्तीचे प्रयोजन संपलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा अनेक भागांतील वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. महापुरात किंवा वळवाच्या वादळात दिवे गेले म्हणजे विश्रामबागेतील घरांत काय, वाडीवस्तीवर काय, प्रथम मेणबत्ती शोधली जाते आणि मुले तिच्याच उजेडात अभ्यासास बसतात. म्हणून तिचे शास्त्र व शिस्त दोन्ही शाळेत शिकविली जाणे अगत्याचे आहे.

मेणबत्तीत घट्ट मेण जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने ते वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते व ती वाफ हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने जळते. ज्योतीचा पिवळा उजेड हा तापून उजळलेल्या कार्बनच्या सूक्ष्म कणांचा होय. वात फार लांब असली तर वाफ जास्त होते व हवा अपुरी पडते. वाऱ्याने ज्योत हलली तरी ज्वलन अर्धवट राहते. न जळलेले कण मग काजळी होऊन भिंतीवर बसतात आणि श्वासावाटे छातीत जातात.

हे वर्गात सहज दाखविता येते. शिक्षकाने स्वतः थंड चमचा ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर धरावा. त्यावर काजळी धरते. नंतर मेणबत्ती विझवून वर येणाऱ्या पांढऱ्या धुरास जळती काडी लावावी. वातीस स्पर्श न होताही ज्योत पुन्हा पेटते. वाफ जळते, याचा हा पुरावा. मायकेल फॅराडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडन येथे मुलांना याच एका मेणबत्तीवरून रसायनशास्त्र समजावून दिले होते.

घरी पाळावयाचे नियम थोडे आहेत. पेटविण्यापूर्वी वात पाव इंच ठेवून कातरावी. मेणबत्ती प्लास्टिकच्या झाकणावर किंवा ट्रंकेवर न चिकटविता वाळू घातलेल्या धातूच्या ताटलीत उभी करावी. पडदा, मच्छरदाणी, वह्या व अंथरूण यांपासून ती दूर असावी. वाऱ्याच्या झोतात ठेवू नये. परंतु खोली पूर्ण बंदही करू नये. मुलींनी ओढणी व केस आवरून बसावे. शेवटचा अर्धा इंच उरताच ती विझवावी आणि पेटती ठेवून कोणी झोपू नये. जळत्या मेणावर पाणी ओतू नये, ते उसळते. धातूचे झाकण ठेवावे.

भाजल्यास शाई, तूप वा टूथपेस्ट न लावता तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा व दवाखाना गाठावा.

बॅटरीचा दिवा असेल तेथे तोच वापरणे उत्तम. नसेल तेथे मुलांकडून हे नियम वहीत लिहवून घेऊन घरी वाचून दाखविण्यास सांगावे. शाळेतील धडा अशा रीतीने घरापर्यंत पोहोचतो.