गेमचा बाजार : जो थांबेल, त्याचे पैसे वाचतील

"आबा, फक्त तीन हजार. नवा निघालाय, आजच घ्यायचाय."

कॉलेजला जाणाऱ्या पोराची ही मागणी आता खेड्यातल्या घरांतूनही ऐकू येते. मागणी असते कॉम्प्युटरवरच्या गेमची आणि पैसे जातात बापाच्या मोबाईलमधून. म्हणजे ज्या खात्यावर दुधाचा पगार आणि उसाचे बिल जमा होते, त्याच खात्यातून! म्हणून पोरावर ओरडण्याआधी हा बाजार चालतो कसा, हे बापानेही समजून घेतलेले बरे.

न नासणारा माल

टोमॅटो आज विकला नाही तर उद्या उकिरड्यावर जातो. गेमचे तसे नाही. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा असतो. कितीही विकला तरी संपत नाही, नासत नाही. त्यामुळे कंपनी आधी उतावळ्यांकडून पूर्ण भाव घेते आणि उठाव कमी झाला की भाव उतरवते. आपला माल आवक वाढली की पडतो. इथे घेणारा नुसता थांबला तरी भाव पडतो.

शेतीवरचेच उदाहरण घ्या. ट्रॅक्टर, पेरणी, कापणी असलेला 'फार्मिंग सिम्युलेटर २२' हा गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. पहिल्या दिवशी लोकांनी पूर्ण पैसे मोजले. मे २०२४ मध्ये 'एपिक' या ऑनलाइन दुकानाने तोच गेम आठवडाभर फुकट वाटला. अडीच वर्षे थांबलेल्याला एक पैसाही पडला नाही.

केव्हा आणि कोठे?

'स्टीम' हे कॉम्प्युटर गेमचे मोठे दुकान. २०१५ पासून तेथे रुपयात भाव लागतो. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर तेथे मोठे सेल असतात. जुने गेम तेव्हा निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळू शकतात. सेल संपेपर्यंत भाव सहसा तोच राहतो, म्हणून पहिल्याच दिवशी धावपळ नको. हवा असलेला गेम 'विशलिस्ट'मध्ये टाकून ठेवावा. भाव उतरला की ई-मेल येतो. 'एपिक' दर गुरुवारी एखादा गेम फुकट देते. आठवड्याच्या आत खात्यात घेतला की तो कायमचा आपला.

घेण्यापूर्वी आपला कॉम्प्युटर तो गेम पेलतो का, हे पाहावे. लागणारी रॅम आणि जागा गेमच्या पानावरच लिहिलेली असते. मोठे गेम ५० ते १०० जीबीचे असतात. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर एवढा गेम उतरवायला महिना जाईल!

एवढे करूनही गेम चालला नाही तर? खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम पैसे परत देते. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते.

फुकटात बसलेला फटका

खरी गळती मोबाईलवर आहे. गेम फुकट, पण आतले हिरे, नाणी, कपडे विकत! शंभर-दोनशे करत हजारो रुपये केव्हा गेले, ते कळतही नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल, अशी व्यवस्था करावी. यूपीआयचा पिन पोराला सांगू नये आणि ऑटोपे चालू आहे का, ते महिन्यातून एकदा तपासावे.

'पाव किमतीत गेमचा कोड देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत. बिनपावतीचे बियाणे आणि हा कोड, दोन्ही सारखेच. उगवले नाही तर दाद मागायची कोणाकडे? फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करावा.

पैसे लावून खेळायचे खेळ मात्र या हिशेबात धरूच नयेत. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

सरपंच आणि शिक्षकांनी एखाद्या ग्रामसभेत या विषयाला दहा मिनिटे दिली, तरी पुष्कळ घरांचे पैसे वाचतील. आणि पोराला एवढेच सांगावे, "नको म्हणत नाही, बाळा. विशलिस्टला टाक. डिसेंबरात बघू."